कविराय राम जोशी आणि त्याचा फड

पंढरपुराहून उत्तरेस करकंबची वाट धरा किंवा पूर्वेस सोलापूरची. ह्या टापूंतील माणसाच्या कानांत दोन नाद लहानपणापासून भरलेले असतात. एक टाळ-मृदंगाचा, दुसरा डफ-तुणतुण्याचा. दोहोंचे श्रोते पुष्कळदां तेच. परंतु पहिल्याला मान मिळतो आणि दुसऱ्याला नांवें ठेवलीं जातात. हे दोन्ही नाद ज्याच्या एकाच गळ्यांत नांदले, त्या सोलापूरच्या राम जोश्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

राम जगन्नाथ जोशी ह्याचा जन्म १७६२ च्या सुमारास सोलापुरांत झाला. वडील भाऊ मुद्गल हा नामांकित पुराणिक. धाकट्यानें तेंच आसन पुढें चालवावें, अशी घरची अपेक्षा. परंतु रामाचें चित्त रमलें तें धोंडी शाहिराच्या तमाशांत. ब्राह्मणाच्या मुलानें तमासगिरांत बसावें, हा त्या काळीं घराच्या अब्रूचा प्रश्न होता. भावानें त्याला घराबाहेर काढलें.

राम पंढरपुरास गेला. तेथें बाबा पाध्ये ह्यांच्यापाशीं त्यानें संस्कृत काव्याचा आणि अलंकारांचा अभ्यास केला, असें चरित्रकार सांगतात. हे बाबा म्हणजे ‘धर्मसिंधु’ ग्रंथाचे कर्ते काशीनाथ उपाध्याय. बारामतीच्या मोरोपंतांचे व्याही. विद्या संपादून राम कीर्तनास उभा राहिला आणि त्यानें मोरोपंतांच्या आर्या गाऊन लोकप्रिय केल्या, अशी परंपरा आहे. पंडितांच्या पोथींतील आर्या अशा रीतीनें सामान्य माणसाच्या ओठीं गेली. तथापि डफाची ओढ सुटली नाहीं. राम पुन्हां फडांत आला, आणि आतां तो फडाचा नाईक होता.

फडाचें काम कसें चाले, हें ध्यानीं घेतल्यावांचून त्याचें कसब कळणार नाहीं. हातीं डफ घेऊन नाईक पुढें उभा राही. तुणतुण्याची एकच तार अखंड सूर धरी, ढोलकी ठेका देई, आणि मागचे झीलकरी ध्रुपद उचलून धरीत. प्रतिस्पर्धी फड समोर असला, तर त्याच्या सवालाला जबाबही तेथल्या तेथें द्यावा लागे. झीलकऱ्याला जो शब्द उचलतां येत नाहीं, तो कितीही विद्वत्तेचा असला तरी फडांत मरतो.

राम जोश्यानें नेमके पांडित्याचे शब्द ह्या कसोटीला लावले. लांबलचक समास, यमकांच्या साखळ्या, अनुप्रासांची झड हें सर्व त्यानें ढोलकीच्या ठेक्यावर असें बसविलें कीं, ज्याला व्याकरण ठाऊक नाहीं त्याचीही मान डोलावी. बोलतां बोलतां शृंगाराचा संशय यावा आणि विचारतांच निराळाच अर्थ पुढें करावा, असा छेकापह्नुति नांवाचा अलंकार संस्कृतांत आहे. त्याचीही त्यानें लावणी केली. शृंगार तर त्यानें रंगविलाच. पण अंगीं वैराग्य नसतां बाह्य वेष मिरविणाऱ्यांनाही त्याच लावणींतून खडसावलें.

त्याच्या काळचे इतर शाहीर पाहा. होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान, आणि संगमनेरचा अनंत फंदी ब्राह्मण. जातिभेदानें दुभंगलेल्या समाजांत डफाभोवतीं एवढी मंडळी एका पंक्तीला बसली होती. राम जोश्याला घर सोडावें लागलें, तें हीच पंक्ति पतकरल्यामुळें.

१८१२ च्या सुमारास तो वारला. त्याच्या लावण्या मात्र गाणाऱ्यांच्या मुखीं राहिल्या. १९४७ सालीं ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट निघाला. माडगूळकरांची कथा आणि जयराम शिलेदारांचा गळा ह्यांच्या योगें तो महाराष्ट्राला पुन्हां भेटला.

विद्वान् असून तो तमाशांत बिघडला, असें कोणी म्हणतात. तमाशांतून कीर्तनांत येऊन सुधारला, असें दुसरे म्हणतात. दोघेही अर्धाच राम जोशी पाहतात. कीर्तनांत त्यानें आर्येला गळा दिला, आणि फडांत लावणीला विद्या दिली. पंढरपुरीं मिळविलेलें धन त्यानें कोंडून ठेविलें नाहीं. आपल्या गांवच्या जत्रेंत रात्रीं ढोलकी ऐकूं आली, तर नाक मुरडण्यापूर्वी ह्या शास्त्रज्ञ शाहिराची आठवण करावी, एवढेंच मागणें आहे.