चार बाजू सांगितल्या, पण कर्ण?

शाळेत चौरस आणि आयत यांच्या व्याख्या आपण सगळ्यांनीच पाठ केल्या आहेत. चारही कोन काटकोन असले की तो आयत. त्यात चारही बाजू सारख्या असल्या की तो चौरस. परीक्षा संपली की आपण हे विसरतो. पण चौकोन ओळखायला नुसत्या बाजू का पुरत नाहीत, हा प्रश्न जुना आहे आणि तो थेट शेतकऱ्याच्या जमिनीपर्यंत पोहोचतो.

चार सारख्या पट्ट्या टोकांना खिळ्यांनी जोडून चौरस करा. आता एक कोपरा ढकला. खिळखिळी झालेली चौकट कलावी तसा तो कलतो. बाजू तेवढ्याच राहतात, पण आतली जागा कमी होते. हा झाला समभुज चौकोन.

जमीन मोजणाऱ्यांकडे पूर्वी एक सोपा हिशेब होता. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासरींचा गुणाकार करायचा. इजिप्तमध्ये एडफू येथील मंदिराच्या शिलालेखांत शेतांची क्षेत्रफळे अशीच काढलेली आहेत. आयतासाठी हा हिशेब बरोबर आहे. इतर प्रत्येक चौकोनात मात्र उत्तर जास्तच येते. अशा मापावर सारा बसला, तर नसलेल्या जमिनीचाही सारा शेतकऱ्याच्या माथी!

इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने या रीतीला ‘स्थूल’ म्हटले आणि चार बाजूंवरूनच ‘सूक्ष्म’ क्षेत्रफळ काढण्याचे सुंदर सूत्र दिले. मात्र ज्या चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर येतात, त्यालाच ते तंतोतंत लागू पडते.

पुढे ११५० साली भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त या सूत्राची परीक्षाच घेतली. त्यांच्या उदाहरणातल्या चौकोनाचा पाया १४, वरची बाजू ९, उरलेल्या बाजू १३ आणि १२, तर लंब १२ आहे. स्थूल रीतीने उत्तर येते पावणेएकशे चव्वेचाळीस. ब्रह्मगुप्ताच्या सूत्राने सुमारे १४०.७. आणि खरे क्षेत्रफळ १३८!

दुसरे उदाहरण आणखी बोलके आहे. चारही बाजू २५. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६. आणि दोन्ही कर्ण सारखे असतील, म्हणजे तो चौरस असेल, तर ६२५. बाजू त्याच, पण जागा जवळजवळ निम्म्यावर येते.

म्हणूनच आचार्य एरवी लाघवी असले तरी इथे चिडतात. कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचे नेमके क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते चक्क पिशाच म्हणतात, आणि चौकोनाचा हा अनिश्चित स्वभाव न ओळखता उत्तर देणाऱ्यालाही त्याच पंक्तीला बसवतात. चुकीचे उत्तर देणाऱ्याला रागावणारे पुष्कळ भेटतात. अपुरा प्रश्न विचारणाऱ्यालाही दोष देणारा गुरू विरळा.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. तो मठ आज नाही. पण ‘लीलावती’त आलेला ‘आयत’ हा शब्द आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात अजून आहे.

आणि ती शिकवणही आहे, फक्त शाळेबाहेर. घराचा पाया आखताना गवंडी समोरासमोरच्या बाजू सारख्या करून थांबत नाही. तो दोरी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी धरतो, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत धरतो. दोन्ही मापे जुळली, तरच खोली काटकोनात आली असे मानतो. भास्कराचार्यांचे नाव त्याने ऐकलेही नसेल. पण कर्ण मोजल्याशिवाय चौकोनावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.