आपल्या गावांतली मोटार : मालकीची, आठवणीतली आणि घडवलेली

साठी उलटलेली चार माणसे एकत्र बसली आणि बोलण्याच्या ओघात जुन्या मोटारगाडीचा विषय निघाला, की त्यांचे चेहरे कसे उजळतात हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला गिअर, पुढच्या सलग बाकावर दाटीने बसलेली तीन माणसे, थंडीच्या सकाळी फिरवावे लागणारे हँडल, घाटात उकळणारे रेडिएटरचे पाणी, हे सारे अशा उत्साहाने सांगितले जाते की ऐकणाऱ्यास वाटावे, तो एक सुवर्णकाळच होता. आठवणींचा हा आनंद हिरावून घेण्याचा माझा हेतू नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने आठवणीस काही प्रश्न विचारावयाचे असतात. ही मोटार कोठून आली? ती कोणाची होती? आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या माणसाचा तिच्याशी नेमका संबंध काय होता? ह्या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, म्हणजे असे दिसते की ह्या आठवणींत आपल्या भागाच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा दडलेला आहे.

प्रथम रस्त्याचा विचार करू. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली, हे आपण शाळेत शिकलो. त्यामुळे आपली गावे रेल्वेची गावे, अशी आपली समजूत झाली. पण ठाणे हे मोटाररस्त्याचेही नाके होते. वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला. तोपर्यंत मुंबईहून पुण्याकडे जाणारी मोटार ठाण्यास येई, कळव्याचा पूल ओलांडी आणि मुंब्रा, शीळ, पनवेल असा फेरा घेऊन बोरघाटाच्या पायथ्याशी लागे. नाशिककडे जाणाऱ्यांनाही ठाण्यावरूनच आग्रा रस्ता धरावा लागे. तेव्हा मुंबईतून घाटावर निघालेली जवळजवळ प्रत्येक मोटार ठाणेकरांच्या डोळ्यांसमोरून जात असे. गाडीच्या तोंडावरून तिचे नाव ओळखण्याचा पोरांचा खेळ ज्या गावात रंगावयाचा, ते गाव ठाण्याखेरीज दुसरे कोणते असणार?

आता गाडीकडे वळू. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत सुटे भाग जुळवून गाड्या तयार करण्यास आरंभ केला, आणि फोर्डही तिच्या पाठोपाठ आली. परंतु ही केवळ जुळणी होती. मोटार ह्या देशातच घडावी, असा ध्यास ज्यांनी घेतला त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांची नावे अग्रभागी आहेत. परक्या सरकारचा आधार नसताना वालचंदांनी हा प्रयत्न चिकाटीने चालविला, आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला आणि तेथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रथम छोटी फियाट ५०० आणि तिच्यामागून फियाट ११०० रस्त्यावर आली. १९५३ साली सरकारने असे धोरण ठरविले, की ज्यांची येथे गाडी घडविण्याची योजना नाही त्यांनी नुसती जुळणी करीत बसू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. उरलेल्या मोजक्या कारखान्यांच्या गाड्या म्हणजेच आपल्या आठवणीतल्या गाड्या होत: उत्तरपाड्याची अॅम्बॅसडर, मद्रासची स्टँडर्ड आणि आपल्या कुर्ल्याची फियाट.

फियाट ११०० चे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. तिच्या गोलसर, पुढे नाक काढलेल्या आकारावरून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' असे नाव दिले, आणि त्या नावात तुच्छतेपेक्षा लाडच अधिक होता. पुढची दारे मागच्या बाजूस बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी. १९६४ साली नवा घाट आला आणि दारे सुलटी झाली. त्याच घाटाची गाडी १९७० च्या दशकात प्रथम 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' ह्या नावाने निघू लागली. इटलीत हा नमुना १९६९ नंतर बंद पडला. आपल्याकडे मात्र तो विसावे शतक संपेपर्यंत निघत राहिला.

येथे आठवणीस पहिला प्रश्न विचारावयाचा. "त्या गाड्या कशा टिकत!" असे आपण म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. यंत्र साधे, पत्रा जाड, आणि नाक्यावरचा कोणताही मिस्त्री ती गाडी खोलून पुन्हा जोडू शके, कारण तीस-पस्तीस वर्षे त्याच्यापुढे तीच गाडी येत होती. परंतु त्या टिकल्या ह्यास आणखी एक कारण आहे. त्या टिकविण्यावाचून गत्यंतर नव्हते. परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित होते, वाटपावर १९५९ पासून सरकारी नियंत्रण होते, आणि नाव नोंदविल्यावर गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. किमतीचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल १९७१ साली लागला. ज्या वस्तूसाठी माणूस एवढा थांबला, ती त्याने घरच्या गाईसारखी जपली ह्यात नवल ते काय? तेव्हा त्या प्रेमात गाडीचा गुण जेवढा आहे, तेवढाच टंचाईचा वाटाही आहे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि लोक तिच्याकडे ज्या वेगाने वळले, त्यावरून जुन्या गाडीवरचे आपले प्रेम किती स्वखुशीचे होते हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरा प्रश्न मालकीचा. आपल्या ह्या गावांत त्या काळी मोटारीचे मालक किती होते? वस्ती बहुतेक नोकरदारांची. सकाळची लोकल आणि संध्याकाळची लोकल हेच त्यांचे वाहन. त्यांच्या आठवणीतली मोटार नीट न्याहाळली, तर ती बहुधा स्वतःची नसते. ती गावातल्या डॉक्टरांची असते, मुंबईच्या मामाची असते, लग्नाच्या वरातीपुरती मागून आणलेली असते, किंवा मीटर पाडून पाहुण्याला स्टेशनावर पोहोचविणारी काळी-पिवळी टॅक्सी असते. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी थांबवून पैसा वाहिल्याची आठवण पुष्कळांना आहे. पण तेव्हा चाकावर हात दुसऱ्याचाच होता. म्हणून "आमच्या तरुणपणची गाडी" ह्या शब्दांत 'आमची' ह्याचा अर्थ जपून लावावयास हवा.

तरीही हा शब्द खोटा नाही, असे माझे म्हणणे आहे. ती गाडी आपली होती ती निराळ्या अर्थाने. ह्या भागातील माणसांनी ती विकत घेतली नसेल, पण ती घडविली. कुर्ल्याच्या कारखान्यात कामाला जाणारे कामगार ह्याच मध्य रेल्वेवर राहत. भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात लँब्रेटा स्कूटर तयार होई. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली; डोंबिवलीची वसाहतही त्याच दशकातली. पुढे प्रीमियरनेच डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यालगत, कारखाना चालविला. १९८० च्या दशकाच्या मध्यास निघालेली '११८ एन ई' ही निस्सानचे इंजिन बसविलेली गाडी तेथली, आणि १९९० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारीत निघालेली '३०९' ही गाडीही तेथलीच. म्हणजे डोंबिवलीच्या नावावर केवळ लोकलची गर्दी जमा नाही, मोटारही जमा आहे!

हे दिवस फार टिकले नाहीत. भागीदारी मोडली, कामगारांचे तंटे विकोपास गेले, नव्या कंपन्यांच्या स्पर्धेपुढे जुना कारखाना उभा राहू शकला नाही, आणि शतकाच्या अखेरीस ते दरवाजे बंद झाले. ह्यात चूक कोणाची, ह्याविषयी आजही दोन मते ऐकू येतात. त्याचा निवाडा मी करीत नाही. पण डोंबिवलीत 'प्रीमियरचे मैदान' म्हटले की ठिकाण कळते, आणि ज्या तरुणांस ते कळते त्यांतील पुष्कळांना हे नाव कशावरून पडले हे ठाऊक नसते. कारखाना गेला, केवळ त्याचे नाव पत्त्यापुरते उरले.

उलट, गाडीस मात्र निरोपाचा मान मिळाला. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली, आणि टॅक्सीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेप्रमाणे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी लेख लिहिले, लोकांनी छायाचित्रे काढली, एखादी टॅक्सी जपून ठेवावी अशी मागणी झाली. ती मागणी योग्यच होती. परंतु ज्या हातांनी तिचा पत्रा ठोकला, रंग दिला, इंजिन जुळविले, त्यांच्यासाठी अशी एखादी ओळ किती ठिकाणी लिहिली गेली?

म्हणून माझी आपणांस एक विनंती आहे. आपल्या घरी जुन्या गाडीचे नोंदणीपुस्तक, दुरुस्तीची बिले, सहलीचे छायाचित्र असेल तर ते रद्दीत घालू नका. आणि आपल्या गल्लीत प्रीमियरमध्ये, भांडुपच्या कारखान्यात किंवा वागळे इस्टेटीत नोकरी केलेले कोणी वृद्ध गृहस्थ असतील, तर त्यांच्याकडे एखादी संध्याकाळ जाऊन बसा. ते कोणत्या खात्यात होते, काम कोणाकडून शिकले, पगार किती होता, दरवाजे बंद झाले त्या दिवशी घरी येऊन काय म्हणाले, हे विचारा आणि लिहून ठेवा. मोटारीच्या आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत. मोटार घडविल्याच्या आठवणी सांगणारे आता थोडे उरले आहेत, आणि ते आपल्याच गावांत राहतात.