१९०५ चा फेब्रुवारी : खराटा, क्लब आणि देणगीचा डबा

(थ्रेड)

१/
गेल्या हिवाळ्यात काटोलच्या बसस्थानकाबाहेर मी देणगीचा डबा घेऊन उभा होतो. गावातील एका सेवाभावी क्लबचे नेत्रतपासणी शिबिर व्हायचे होते आणि आम्ही पाच-सहा जण स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. संत्र्यांची टोपली घेऊन बसलेल्या एका आजोबांनी डब्याकडे पाहिले आणि विचारले, “हा पैसा जाते कुठं, बाबू?” मी “शिबिराला” एवढेच म्हणालो. त्यांनी दहाचे नाणे टाकले, पण चेहऱ्यावरचा प्रश्न तसाच राहिला.

२/
तो प्रश्न माझ्याही मनातून गेला नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो सोडता येण्याजोगाही नाही. अनोळखी माणसाच्या हातातील डब्यात आपण पैसा टाकतो तो कोणत्या विश्वासावर? हा विश्वास समाजात कसा घडला? त्याची एक कथा १९०५ या वर्षात, आणि बरीचशी आपल्या वऱ्हाडात सापडते.

३/
१ फेब्रुवारी १९०५. वऱ्हाडातील एक शेतकरी तरुण घर सोडून निघून गेला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, जात परीट, जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. वडील दारूच्या पायी अकाली गेलेले, बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला मामांच्या घरी गुरे राखण्यात सरलेले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मडक्याचे फुटके खापर. त्या खापरावरूनच लोक त्यांना पुढे गाडगेबाबा म्हणू लागले.

४/
त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, २३ फेब्रुवारी १९०५ रोजी, अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाचा एक वकील तीन ओळखीच्या व्यावसायिकांसह एका कचेरीत बसला. महानगरात माणूस एकटा पडतो, तेव्हा निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांनी नियमित भेटावे, एवढीच मूळ कल्पना होती. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत फिरत असे, म्हणून नाव पडले ‘रोटरी’. आज जगभर दिसणाऱ्या सेवाक्लबांच्या परंपरेचा हा आरंभ.

५/
योगायोग पाहा. २३ फेब्रुवारी हा गाडगेबाबांचा जन्मदिवस (१८७६). शिकागोतील ती बैठक भरली त्या दिवशी डेबूजींना २९ वर्षे पूर्ण झाली होती. या दोन घटनांत कोणताही कार्यकारणसंबंध नाही, आणि योगायोगातून सिद्धान्त काढणे हा इतिहासलेखनातील मोठा दोष होय. तरीही दोन्ही प्रवाह शेजारी ठेवून पाहिले की सार्वजनिक सेवेच्या दोन रीती फार स्पष्ट दिसतात.

६/
पहिले साम्य तर थक्क करणारे आहे. दोघांचीही सुरुवात घाणीपासून झाली! रोटरीचे पहिले लोकोपयोगी काम म्हणजे शिकागोच्या मध्यवस्तीत सार्वजनिक शौचालय व्हावे यासाठी १९०७ पासून केलेला पाठपुरावा. गाडगेबाबांचे पहिले काम म्हणजे ज्या गावी जावे तेथील रस्ते आणि गटारे स्वतः झाडणे. एकाने नगरपालिकेकडे मागणी नेली, दुसऱ्याने खराटा उचलला.

७/
हा फरक लहान नाही. क्लब हा प्रतिष्ठितांचा समूह होता. आरंभीच्या नियमानुसार एका व्यवसायाचा एकच प्रतिनिधी सभासद होई. ठरलेल्या दिवशी सभा, वर्गणी, इतिवृत्त, दरवर्षी बदलणारे पदाधिकारी अशी त्याची घडण होती. क्लबची ताकद या शिस्तीत होती आणि मर्यादाही तेथेच होती. स्त्रियांना रोटरीचे दार १९८९ पर्यंत अधिकृतपणे बंद होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या निकालानंतरच ते उघडण्याची प्रक्रिया सुरू झाली.

८/
गाडगेबाबांची रीत उलट दिशेने जाणारी. सभासदत्व नाही, सभागृह नाही, अक्षरओळखही नाही. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. कीर्तनही पोथीतले नव्हे. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढीत. कर्ज काढून सण का करता? देवापुढे मुकी जनावरे का कापता? पोरांना शाळेत का धाडत नाही? ज्याने सकाळी आपल्या दारापुढची घाण काढली, त्याचे रात्रीचे बोलणे गाव ऐकून घेई.

९/
येथे पैशाचा प्रश्न येतो. निष्कांचन माणसाने इमारती उभ्या केल्या त्या कशा? लोकांच्या देणग्यांतून. व्यापारी देत, शेतकरी देत, कीर्तनाला आलेला मजूरही देई. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा झाल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा झाला. खेड्यातून रोगी घेऊन आलेल्या माणसाला मुंबईत पाठ टेकायला जागा नसते, हे त्यांनी ओळखले होते.

१०/
या सर्वांत पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा मला सर्वाधिक महत्त्वाची वाटते. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना विठ्ठलमंदिरात प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. मंदिराचे दार बंद असताना, वाळवंटात उघड्यावर झोपणाऱ्या त्या वारकऱ्यांसाठी लोकवर्गणीतून छप्पर उभारणे हे दानापेक्षा अधिक काही होते. ही वास्तू पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवण्यात आली.

११/
आता त्या आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. गाडगेबाबांकडे पैसा देणाऱ्याला तो कुठे जातो हे कसे कळे? उत्तर त्यांच्या अंगावर होते. लाखोंच्या वास्तू उभ्या राहिल्या, तरी अंगावरची चिंधी बदलली नाही. त्या वास्तूंवर आपल्या कुटुंबीयांचा कोणताही हक्क राहू नये हा त्यांचा कडक दंडक होता. इतरांसाठी धर्मशाळा बांधणाऱ्याची पत्नी कुंताबाई साध्या झोपडीत राहिल्या. देणाऱ्याला हिशेबाची वही पाहावी लागत नव्हती, कारण घेणाराच डोळ्यांसमोर उघडा होता.

१२/
१९०५ मध्येच महाराष्ट्रात तिसरा प्रयोग झाला. १२ जून रोजी पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी ‘भारत सेवक समाज’ स्थापला. येथे विश्वासाचा आधार होता शपथ. सभासदाने आयुष्य देशकार्याला वाहायचे, मर्यादित निर्वाहवेतनात भागवायचे, जातिधर्माचा भेद न पाळता सर्वांना बंधू मानायचे, स्वतःसाठी धन मिळवायचे नाही. शपथेबरोबर पाच वर्षांचे प्रशिक्षणही होते. या समाजाची एक शाखा नागपुरात होती आणि तेथूनच १९११ मध्ये ‘हितवाद’ हे वृत्तपत्र निघाले. कामगार चळवळीचे ना. म. जोशी आणि आदिवासींसाठी झिजलेले ठक्कर बाप्पा याच समाजाचे सेवक.

१३/
चौथी रीत त्याच काळातली, आणि माझ्या मते सर्वांत धाडसी : पैसा फंड. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की देशी उद्योगासाठी प्रत्येक माणसाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा. गणित करून पाहा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे. म्हणजे एक रुपया जमवायला ६४ माणसांपुढे हात पसरायचा. एक लाख जमवायला ६४ लाख माणसांपुढे!

१४/
व्यवहारदृष्ट्या हा वेडेपणाच. पण त्यामागील विचार खोल होता. एका धनिकाने लाख रुपये दिले तर संस्था त्याची होते. लाखो लोकांनी एकेक पैसा दिला तर ती सर्वांची होते. लोकमान्य टिळकांनी या फंडाला पाठबळ दिले. याच पैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला आणि परदेशात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालवण्याची जबाबदारी घेतली. तेथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काचउद्योगात पसरले. एकेका पैशातून तंत्रज्ञांची एक पिढी उभी राहिली.

१५/
दरम्यान क्लबही भारतात पोहोचले. कलकत्त्याच्या रोटरीला १९२० मध्ये सनद मिळाली, मुंबईची १९२९ ची. सुरुवातीला त्यांत युरोपीय व्यापारी-अधिकारी आणि उच्चभ्रू भारतीय असत. लायन्स ही दुसरी संघटना १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने शिकागोतच निघाली आणि १९५६ मध्ये भारतात आली. क्लब म्हटले की नेत्रशिबिरच का आठवते? १९२५ मध्ये लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधत्वाविरुद्धच्या लढ्यात साथ देण्याचे आवाहन केले होते. काटोलच्या बसस्थानकावरील माझ्या डब्याचा एक धागा थेट त्या भाषणापर्यंत जातो.

१६/
क्लबच्या शिस्तीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे पोलिओनिर्मूलन. रोटरीने १९८५ मध्ये जागतिक मोहीम हाती घेतली. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झाले. सरकारी यंत्रणा, आरोग्यसेविका, अंगणवाडी कार्यकर्त्या यांच्या बरोबरीने हजारो स्वयंसेवक उभे राहिले. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त घोषित झाला. हे काम एका संताचे किंवा एका वर्षाचे नव्हते. पदाधिकारी बदलत गेले, पण काम तीस वर्षे चालू राहिले.

१७/
म्हणजे प्रत्येक रीतीला तिचे बळ आणि तिचा दोष आहे. व्यक्तीवरचा विश्वास उत्कट असतो, पण व्यक्ती मर्त्य असते. गाडगेबाबांनी हे जाणले असावे, कारण १९५२ मध्ये, त्यांच्या हयातीतच, त्यांच्या नावाचे मिशन स्थापन झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, वलगावजवळ त्यांचे निधन झाले. शपथेवरचा विश्वास शुद्ध असतो, पण अशी शपथ घेणारे थोडेच. क्लबवरचा विश्वास टिकाऊ असतो, पण त्याला सोहळ्याचा आणि छायाचित्राचा मोह पडतो.

१८/
पाचवा आधार कायद्याचा. मुंबई राज्याने १९५० मध्ये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा केला. तेव्हा काटोल त्या राज्यात नव्हते; ते जुन्या मध्य प्रदेशात होते आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. पुढे हा कायदा विदर्भालाही लागू झाला. संस्थांची नोंदणी, हिशेबतपासणी, धर्मादाय आयुक्तांची देखरेख हे सारे त्यातून आले. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी मंडळे जी परवानगी काढतात, ती याच कायद्याच्या कलम ४१ क खाली. ‘पैसा जाते कुठं’ हा प्रश्न विचारण्याचा नागरिकाचा हक्क तेथे कायद्यात नोंदला गेला आहे.

१९/
आणि जिथे देणगी पैशात नसून घामात असते तिथे? २०१६ मध्ये पानी फाउंडेशनने गावागावांत जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षीच्या तीन तालुक्यांत संत्र्याच्या आपल्याच पट्ट्यातील वरूड होता. संत्र्याच्या बागांसाठी भूजलाचा उपसा करून जमीन कोरडी केलेल्या या भागात लोक कुदळ-फावडे घेऊन श्रमदानाला उतरले. या देणगीचा हिशेब खणलेल्या चरांनी आणि अडवलेल्या पाण्याने दिला. गाव झाडून मग कीर्तनाला उभे राहणाऱ्या बाबांची रीत येथे नव्या रूपात दिसते.

२०/
शिबिर पार पडल्यावर मी क्लबच्या ज्येष्ठ सभासदांना विचारले, “काका, जुन्या शिबिरांची कागदपत्रे असतील ना?” त्यांनी एका कपाटाकडे बोट दाखवले. आत सत्कारांची छायाचित्रे भरपूर होती. पावतीपुस्तके, जमाखर्चाच्या वह्या, इतिवृत्ते यांतले जुने काहीच उरले नव्हते. “रद्दीत गेलं असेल बाबू,” ते म्हणाले. त्यांनी काही लपवले होते असे मुळीच नाही. त्या वह्यांना इतिहास म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

२१/
मित्रहो, आपल्या गावाचा इतिहास राजवाड्यांत जेवढा असतो तेवढाच या वह्यांत असतो. कोणी किती दिले, कोणाचे नाव यादीत आले, कोणाचे गाळले गेले, दुष्काळाच्या वर्षी वर्गणी किती घटली, हे सारे तेथेच कळते. तुमच्या गावातील क्लब, गणेश मंडळ, वाचनालय, भजनी मंडळ यांची जुनी पावतीपुस्तके अजून शिल्लक असतील, तर रद्दीवाल्याच्या आधी तुम्ही तेथे पोहोचा. मोबाइलवर पाने टिपून घ्या, वर्ष लिहून ठेवा आणि मूळ प्रती संस्थेलाच परत करा.

२२/
यंदाच्या शिबिरानंतर आम्ही एक साधी गोष्ट केली. जमा किती, खर्च किती, किती जणांची तपासणी झाली, हे एका कागदावर लिहून तो कागद बसस्थानकाबाहेर लावला आणि त्याची एक प्रत फाइलला ठेवली. संत्रेवाले आजोबा त्या दिवशी तेथेच होते. त्यांनी मला तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला, शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, “आता बरं.”

(थ्रेड समाप्त)