परसदारची टेकडी : कॉक्रन्स स्की एरियाची वाटचाल

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हर्मॉन्ट राज्यात, विनूस्की नदीकाठच्या रिचमंड गावात कॉक्रन्स नावाचा एक स्की एरिया आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत उंची जेमतेम ३५० फूट. पाळण्यांची लिफ्ट नाही, हॉटेलं नाहीत, दुकानांची रांग नाही. तासाभराच्या अंतरात स्टो, शुगरबुश, बोल्टन व्हॅली असे बडे डोंगर आहेत. नकाशात त्यांच्यामध्ये ही टेकडी शोधावी लागते. मात्र या टेकडीनं एकाच घरातले दहा खेळाडू अमेरिकेच्या राष्ट्रीय स्की संघाला दिले आणि त्यांतल्या दोघांनी ऑलिंपिक पदकं आणली. त्याच उतारावर परिसरातल्या मुलांच्या काही पिढ्या न घाबरता खाली यायला शिकल्या. पदकांची बातमी झाली, तरी संस्था चालते ती या मुलांसाठी.

दोर, इंजिन आणि दिवे

मिकी कॉक्रन जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला होते. १९६० मध्ये त्यांनी आणि पत्नी जिनी यांनी रिचमंडला एक जुनं शेतघर घेतलं. घराच्या मागेच टेकडी होती आणि घर घेताना ती डोळ्यांसमोर होतीच. दोघांनाही स्कीइंगचं वेड. मॅरिलिन, बार्बरा ॲन, बॉब आणि लिंडी ही चारही मुलं सात-आठ ते अकरा या वयातली, शर्यतींची चटक लागलेली. अडचण होती ती दिवसाच्या लांबीची. व्हर्मॉन्टच्या हिवाळ्यात शाळा सुटते तेव्हा ऊन कलायला लागलेलं असतं. मोठ्या डोंगरावर जायचं तर शनिवार-रविवारची वाट बघायची, गाडीत सामान भरायचं आणि तिकिटांचे पैसे मोजायचे. आठवड्याला दोन दिवसांच्या सरावावर कोणी तयार होत नाही, असं मिकींचं मत.

१९६१ मध्ये त्यांनी घरामागच्या उतारावर सुमारे ४०० फूट लांबीचा रोप टो बसवला. हे यंत्र अगदी साधं. खाली इंजिन, वर एक चाक आणि दोघांभोवती अखंड फिरणारा जाड दोर. पायात स्की घालून दोराशेजारी उभं राहायचं आणि दोर धरायचा, की तो ओढत वर नेतो. नवखा माणूस दोर एकदम घट्ट पकडतो आणि हिसक्यासरशी तोंडावर आपटतो. जाणता माणूस आधी दोर मुठीतून सरकू देतो, मग हळूहळू मूठ आवळतो आणि शरीराला वेग पकडायला सवड देतो. लोकरीचे हातमोजे या घर्षणात लवकर फाटतात, म्हणून चामड्याचे वापरायचे. अंधार पडल्यावरही सराव चालावा म्हणून टेकडीवर दिवेही लागले.

युक्ती नवी नव्हती. अमेरिकेतला पहिला रोप टो याच राज्यातल्या वुडस्टॉक गावाजवळ, एका शेतकऱ्याच्या कुरणात, जानेवारी १९३४ मध्ये फिरला होता. त्याला जोर मिळत होता फोर्डच्या मॉडेल टी मोटारीच्या इंजिनाचा. त्यानंतर न्यू इंग्लंडभर, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांत, कुरणाकुरणांत असे दोर फिरू लागले. मिकींनी आपला दोर बसवला तोवर मोठ्या डोंगरांवर चेअरलिफ्टचा, म्हणजे पाळण्यांच्या लिफ्टचा, जमाना आला होता. त्यांनी तीस वर्षांपूर्वीचं तंत्र उचललं, कारण त्यांच्या गरजेला आणि खिशाला तेच परवडणारं होतं.

दिवे दिसले तशी शेजारपाजारची मुलंही येऊ लागली. कोणी कोणाला हाकललं नाही. ओले हातमोजे वाळवायला, बुटांचे बंद सैल करून घटकाभर टेकायला सगळी जिनींच्या स्वयंपाकघरात शिरायची. पुढे स्वतंत्र लॉज झालं, पण सुरुवातीच्या काळात या स्की एरियाचं लॉज म्हणजे हे स्वयंपाकघरच. गावातल्या मुलांना शिकवायला जिनींनी सुरुवात केली आणि घरच्या चौघांसाठी केलेली सोय हळूहळू गावाची झाली. एखाद्या दिवशी ठरवून उद्घाटन झालेली ही संस्था नव्हे.

छोट्या उताराचं गणित

इतक्या लहान टेकडीवर जागतिक दर्जाचे खेळाडू कसे घडले, हा प्रश्न कॉक्रन मंडळींना कायम विचारला जातो. उत्तर टेकडीच्या लहानपणातच आहे. स्लॅलम या प्रकारात जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून झपाझप वळणं घेत खाली यायचं असतं आणि एक फेरी मिनिटाच्या आत संपते. महिलांच्या ऑलिंपिक स्लॅलमसाठी आजच्या नियमांनी १४० ते २२० मीटर उंचीचा उतार लागतो. कॉक्रन्सची टेकडी शंभर मीटरच्या थोडी वर आहे. म्हणजे शर्यतीतली निम्मीअधिक वळणं या परसातच घेता येतात. त्यात वर जायला रांग नाही, लिफ्टवर मिनिटंच्या मिनिटं बसून राहणं नाही. खाली आलं की दोर धरायचा आणि वर जायचं. मोठ्या डोंगरावर दिवसभरात जितक्या वेळा उतरायला मिळतं, तेवढं इथं शाळेनंतरच्या एका संध्याकाळीही होऊ शकतं. मिकींचा भर मूळ गोष्टींवर असे: पायाखाली काय चाललंय ते ओळखणं, तोल कुठे आहे ते जाणवणं, तेच वळण पुन्हा पुन्हा घेणं.

गावच्या तालमीत नाव कमावलेला पैलवान आणि नुसतं अंग कमवायला येणारा पोरगा एकाच हौद्यात उतरतात, तसं इथं घडत गेलं. राष्ट्रीय संघातली मुलगी ज्या उतारावर सराव करायची, त्याच उतारावर शेजारचं चार वर्षांचं पोर धडपडत असायचं. बघून शिकण्याची संधी त्या पोराला फुकटात मिळे.

फळ लवकरच दिसू लागलं. मॅरिलिननं १९६९ मध्ये जायंट स्लॅलमचं वर्ल्ड कप विजेतेपद मिळवलं. १९७० च्या जागतिक स्पर्धेत बार्बरा ॲननं स्लॅलमचं रौप्य जिंकलं, तर मॅरिलिननं संयुक्त प्रकारात कांस्य. १९७२ च्या सापोरो ऑलिंपिकला एकाच घरातली तीन भावंडं अमेरिकेच्या संघात होती. ११ फेब्रुवारीला स्लॅलममध्ये बार्बरा ॲननं फ्रान्सच्या दानिएल देबेर्नारला ०.०२ सेकंदानं मागे टाकून सुवर्णपदक घेतलं. १९५२ मध्ये व्हर्मॉन्टच्याच अँड्रिया मीड लॉरेन्सनं दोन सुवर्णपदकं आणली होती. त्यानंतर अल्पाइन स्कीइंगमधलं अमेरिकेचं हे पहिलंच सुवर्ण. चार वर्षांनी इन्सब्रुकला धाकटी लिंडी स्लॅलममध्ये सहावी आली.

शेजारचे दोर थांबले

पदकं येत होती त्याच काळात न्यू इंग्लंडमधल्या लहान टेकड्या एकामागून एक बंद पडत होत्या. अशा बंद झालेल्या जागांची संख्या शेकड्यांत भरते. जंगलात आजही गंजलेली चाकं आणि इंजिनांचे सांगाडे सापडतात. कारणं अनेक होती. सत्तरच्या दशकात इंधन महागलं. काही हिवाळे जवळपास कोरडे गेले. बर्फ तयार करणारी यंत्रं बसवायची तर पाण्याचे पाइप, पंप आणि विजेचं बिल, आणि ते बिल भरण्याइतकी तिकिटं लहान टेकडीवर खपत नाहीत.

यात एका खटल्याचीही भर पडली. १९७४ मध्ये याच राज्यातल्या स्ट्रॅटन माउंटनवर नवशिक्यांसाठी राखलेल्या उतारावर एका तरुणाची स्की बर्फाखाली दडलेल्या झुडपात अडकली. तो पडला आणि कायमचा अपंग झाला. ज्यूरीनं त्याला १५ लाख डॉलरची भरपाई दिली आणि १९७८ मध्ये व्हर्मॉन्टच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. तोवर स्कीइंगमधला धोका खेळणाऱ्यानं पत्करलेलाच असतो असं न्यायालयं मानत आली होती. राज्यानं त्याच वर्षी खेळातल्या अंगभूत धोक्यांविषयी कायदा केला खरा, तरी विम्याचे हप्ते चढायचे ते चढलेच. जवळ फारसा पैसा नसलेल्या लहान मालकांना हा फटका सर्वात जास्त बसला.

कॉक्रन्स टिकलं ते खर्च वाढू न दिल्यामुळे. जमीन घरची, शिकवणारे घरचे, मदतीला गावातले पालक. चेअरलिफ्टऐवजी टी-बार, म्हणजे उभ्या माणसाला दांड्यानं ओढत वर नेणारी लिफ्ट, घातला आणि तिथंच थांबले.

मालकी सोडण्याचा निर्णय

घरच्या माणसांच्या जिवावर चाललेल्या प्रत्येक कामाला एक प्रश्न कधी ना कधी गाठतोच: पुढे काय? १९९८ मध्ये मिकी गेले. त्याच वर्षी कॉक्रन्सची नोंदणी ना-नफा धर्मादाय संस्था म्हणून झाली. स्की एरियानं असं रूप घेण्याचं देशातलं हे पहिलंच उदाहरण, असं संस्था सांगते. टेकडी बिल्डरला विकून चारही भावंडांना पैसा करता आला असता. त्याऐवजी तिचा कारभार विश्वस्तांकडे गेला आणि उद्देश लिहून ठेवला गेला: पैशाअभावी कोणत्याही मुलाला स्कीइंगपासून वंचित ठेवायचं नाही.

या बदलाचे परिणाम व्यवहारी होते. देणग्या घेता येऊ लागल्या. बर्फ बनवण्याची यंत्रणा किंवा लिफ्टचं नूतनीकरण अशा मोठ्या खर्चासाठी समाजाकडे हात पसरता येऊ लागला. बदल्यात हिशेब उघडे ठेवणं आलं, बैठका आल्या, घरच्या शब्दाला विश्वस्तांच्या मताची जोड आली. २००५ मध्ये जिनीही गेल्या. तोवर ही घडी बसलेली होती. नंतर ऑलिंपिकला जाऊन आलेला नातू जिमी यानं व्यवस्थापकपद सांभाळलं. अशा जागी व्यवस्थापक म्हणजे गरज पडेल तेव्हा रात्री बर्फाच्या तोफा बघणाराही तोच.

पहिल्यांदा येणाऱ्यासाठी

आयुष्यात कधी स्की न पाहिलेल्या कुटुंबालाही आज इथं बुजल्यासारखं होत नाही. गाडीतून उतरल्यापासून उतारापर्यंत चालत काही पावलंच. स्की, बूट, काठ्या भाड्यानं मिळतात. बूट हा पहिला धक्का: टणक प्लास्टिकचा, घोट्यातून पुढे झुकलेला, चालताना टाचा आपटायला लावणारा. तो पायात घट्ट बसायलाच हवा, कारण सैल बुटात पाय वळला तरी स्की वळत नाही. मुलांना आधी शिकवतात तो ‘पिझ्झा’: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे पायांचा त्रिकोण होतो आणि वेग मंदावतो. तो जमला की ‘फ्रेंच फ्राइज’, म्हणजे दोन्ही स्की समांतर.

टी-बारवर बहुतेक नवशिके एकच चूक करतात. मागून उलट्या टी आकाराचा दांडा येतो आणि तो पाहून माणूस त्यावर बसायला जातो. बसलात की पडलात. तो दांडा मांड्यांच्या मागे टेकवून नुसतं उभं राहायचं, ओढायचं काम त्याचं. दोघं शेजारी उभे राहणार असतील आणि उंचीत फरक असेल, तर उंच माणसाच्या गुडघ्यामागे दांडा येतो आणि वरपर्यंत कसरत होते.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ‘स्की टॉट्स’ नावाचा वर्ग आहे. तो बार्बरा ॲन यांनी वर्षानुवर्षं चालवला. त्यातला विचार मोलाचा आहे. मूल शिक्षकाकडे सोपवून पालकांनी कॉफी प्यायला जायचं नाही. मुलाला कसं शिकवायचं ते पालकालाच शिकवलं जातं. तास संपला तरी शिकणं थांबत नाही, कारण शिक्षक घरीच असतो. शाळांमधून मुलं दुपारी गटानं येतात, आठवड्यातल्या काही संध्याकाळी हौशी शर्यती होतात, शुक्रवारी रात्री दिव्यांखाली स्कीइंग आणि सोबत जेवण असतं. शर्यतीत उतरणाऱ्या बापाला त्याच्याच मुलीनं हरवणं ही इथं नवलाई राहिलेली नाही.

नातवंडं आणि मेपल

मिकी-जिनींच्या नातवंडांपैकी सहा जण राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचले. लिंडीचा मुलगा रायन कॉक्रन-सीगल यानं डिसेंबर २०२० मध्ये बोर्मिओला सुपर-जी या जास्त वेगाच्या प्रकारातली वर्ल्ड कप शर्यत जिंकली. पुढच्याच महिन्यात किट्झब्यूएलच्या भयंकर उतारावर पडून त्याच्या मानेच्या मणक्याला इजा झाली. वर्षभरात तो सावरला आणि ८ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंगमध्ये त्यानं सुपर-जीचं रौप्य घेतलं. ऑस्ट्रियाच्या मॅथियास मायरपेक्षा तो ०.०४ सेकंदानं मागे राहिला. मावशीच्या सुवर्णाला तेव्हा पन्नास वर्षं होत होती.

नातवंडांतल्या काही चुलत-मावस भावंडांनी दुसरीही वाट धरली. टेकडीवर मेपलची झाडं भरपूर. हिवाळा सरताना रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब असली की खोडातून रस झरतो. तो नळ्यांनी गोळा करून आटवायचा. साधारण ४० लिटर रसातून एक लिटर पाक हाती लागतो. ‘स्लोपसाइड सिरप’ हा त्यांचा उद्योग याच डोंगरउतारावर उभा राहिला. स्कीचा हंगाम उतरणीला लागतो तेव्हा मेपलचा सुरू होतो आणि टेकडी दोन्हींना पुरते.

पुढचा चढ

आता खरी स्पर्धा शेजारच्या डोंगरांशी राहिलेली नाही. ती आहे उबदार होत चाललेल्या हिवाळ्यांशी. ही टेकडी फार उंचावर नाही, त्यामुळे बर्फाऐवजी पाऊस पडण्याची भीती इथं आधी. कृत्रिम बर्फ करायलाही हवा पुरेशी गार लागते. म्हणून थंडीचे जे मोजके तास मिळतील त्यांत जास्तीत जास्त बर्फ करून साठवणं आलं, त्यासाठी जास्त ताकदीचे पंप आले आणि त्यासाठी पैसा. दुसरीकडे बड्या रिसॉर्टचं एका दिवसाचं खिडकीवरचं तिकीट काही ठिकाणी दोनशे डॉलरच्या पुढे गेलं आहे. चौघांचं कुटुंब ‘मुलांना आवडतंय का बघू’ म्हणून एवढे पैसे टाकणार नाही. म्हणजे मोठ्या डोंगरांना उद्याची गिऱ्हाइकं कुठून मिळणार, तर अशाच एखाद्या स्वस्त, लहान, दिवे लावलेल्या टेकडीवरून. हा उद्योग ज्या पायरीवरून वर चढला, ती पायरी त्यानंच बरीचशी मोडून टाकली आहे. रिचमंडच्या विश्वस्तांनी आणि गावकऱ्यांनी ती आपल्या खर्चानं शाबूत ठेवली, आणि दर हिवाळ्यात तिच्यासाठी नव्यानं पैसे उभे करणं हेच त्यांचं यापुढचंही काम आहे.