सायकलीचा वस्ताद

बेळगाव-कोल्हापूरकडच्या तालमींतील एक जुनी रीत आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. मल्लाचे वय झाले, की तो लंगोट खुंटीला टांगतो आणि आखाड्याच्या कडेला बसून पोरांना डाव सांगू लागतो. स्वतः त्याने किती कुस्त्या मारल्या, याची चौकशी पुढे फारशी कोणी करीत नाही. त्याच्या हाताखालच्या पोरांची हाडे शाबूत राहिली की नाही, हे मात्र सारा गाव पाहतो. एडवर्ड बोरिसेविच या पोलिश सायकलपटूचे चरित्र वाचताना आम्हाला राहून राहून या वस्तादांची आठवण झाली.

बोरिसेविचचा जन्म 1939 सालचा. म्हणजे पोलंडवर महायुद्ध कोसळले त्याच वर्षाचा. त्याचा जन्मप्रदेश आज बेलारूसमध्ये मोडतो. आरंभी तो धावण्याच्या शर्यतीत उतरे. सायकल नंतर आली, आणि आली ती त्याला एकदम पुढे घेऊन गेली. कुमार गटात तो राष्ट्रीय विजेता ठरला. पुढे सक्तीच्या लष्करी सेवेत असताना डॉक्टरांनी त्याला क्षय झाल्याचे निदान केले व त्यावर उपचार सुरू केले. निदान चुकीचे होते. क्षय नव्हताच, परंतु त्या औषधांनी यकृताला कायमची इजा झाली. त्यानंतरही त्याने शर्यती जिंकल्या, नाही असे नाही. तथापि ज्या उंचीवर त्याची नजर होती, तेथे हे शरीर आता पोहोचणार नाही, हे त्याने ओळखले. वॉर्सा येथे त्याने शारीरिक शिक्षणाचा रीतसर अभ्यास केला आणि तो प्रशिक्षक झाला.

माँट्रियल ऑलिंपिकच्या वर्षी, 1976 साली, तो उत्तर अमेरिकेत आला आणि अल्पावधीतच अमेरिकेच्या राष्ट्रीय सायकल संघाची सूत्रे त्याच्याकडे आली. इंग्रजी त्याला जवळजवळ येतच नव्हते. पण जे चार शब्द येत, त्यांत त्याने आपल्या नव्या शिष्यांना, तुम्ही लठ्ठ आहात, एवढे मात्र स्वच्छ सांगितले! अमेरिकेत तोवर सायकलशर्यत हा हौशी मंडळींचा खेळ होता. ज्याने त्याने आपल्या मताने मेहनत करावी, जमेल तेव्हा शर्यतीत उतरावे. पूर्व युरोपातील पद्धत याच्या अगदी उलट. तेथे वर्षाचे बारा महिने आखलेले असत. केव्हा अंतर वाढवायचे, केव्हा वेग, केव्हा विसावा, हे आधी ठरे. आहार, नाडीचे ठोके, सायकलीवरील बैठक, साऱ्याचे मोजमाप होई. जुन्या खेळाडूंतील काहींना ही शिस्त रुचली नाही. तरुणांना मात्र ती मानवली. 1979 साली ब्वेनोस आयरेसच्या जागतिक कुमार स्पर्धेत ग्रेग लेमाँड या मुलाने सुवर्ण, रौप्य व कांस्य अशी तिन्ही पदके मिळविली. हाच लेमाँड पुढे 1986 साली फ्रान्सची विख्यात शर्यत जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला.

मग 1984 चे लॉस एंजेलिस ऑलिंपिक आले. 1912 पासून ज्या देशाला सायकलीत एकही ऑलिंपिक पदक लाभले नव्हते, त्याने चार सुवर्णांसह नऊ पदके पटकावली. सोव्हिएत रशिया व पूर्व जर्मनी यांचा बहिष्कार होता, हेही येथे नोंदवलेच पाहिजे. प्रतिपक्ष गैरहजर असताना मिळालेल्या निकालाची किंमत वकिलास सांगावी लागत नाही.

पुढील वर्षाच्या आरंभी वृत्तपत्रांतून निराळीच हकीकत बाहेर आली. संघातील सात जणांनी स्पर्धेपूर्वी रक्त भरून घेतले होते, व त्यांत पदकविजेतेही होते. रक्तातील तांबड्या पेशी स्नायूंना प्राणवायू पोहोचवितात. पेशी वाढल्या की दम वाढतो, असा हा हिशेब. एरवी खेळाडूचे स्वतःचेच रक्त काही आठवडे आधी काढून साठवितात. येथे तेवढा अवधी उरला नव्हता. म्हणून काहींना नातलगांचे वा इतरांचे, गट जुळणारे रक्त देण्यात आले, आणि तेही रुग्णालयात नव्हे, एका मोटेलच्या खोलीत. काही जण त्याने आजारी पडले. काही खेळाडूंनी हा प्रकार आधीच साफ नाकारला होता.

त्या वेळी असे रक्त घेण्यास कोणत्याही नियमाने मनाई नव्हती. महासंघाने ती केली जानेवारी 1985 मध्ये, म्हणजे घटनेनंतर. कायदा पूर्वलक्षी असू नये, हे तत्त्व आम्हास शिरोधार्य आहे, आणि त्या आधारे पदके कायम राहिली, यात आम्हाला गैर काही दिसत नाही. बोरिसेविचला एका महिन्याच्या पगाराला मुकावे लागले. तेवढ्यावर प्रकरण मिटले. परंतु आमचे मन नियमाच्या प्रश्नात गुंततच नाही. ज्या माणसाच्या तारुण्याचा घास डॉक्टरांच्या एका चुकीने घेतला, बिनगरजेचे औषध निरोगी शरीरात गेले म्हणजे काय होते, हे ज्याने स्वतः भोगले, त्याच्याच हाताखालची निरोगी मुले दुसऱ्याचे रक्त अंगात घेत होती. त्याला आपली लष्करातील खाट त्या दिवसांत आठवली नसेल काय? नियमपुस्तक त्याच्या बाजूने होते, हे मान्य. पण जी गोष्ट निषिद्ध नव्हती, तिला मोटेलची बंद खोली का लागावी, या उलटतपासणीला समर्पक उत्तर आम्हाला अद्याप सापडलेले नाही.

आणि तरीही केवळ तेवढ्यावरून त्याचे मोल ठरविणे अन्यायाचे होईल. सायकल शास्त्राने शिकता येते, हे अमेरिकेला प्रथम पटविले ते त्यानेच. त्याच 1985 साली रस्त्यावरील शर्यतीवर त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. 1987 मध्ये त्याने राष्ट्रीय संघ सोडला व पुढे खासगी संघांना शिकविले. नोव्हेंबर 2020 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, पोलंडमध्येच त्याचे निधन झाले. त्याच्या जुन्या शिष्यांत त्याचे नाव ‘एडी बी’ असेच राहिले. बोरिसेविच हे आडनाव त्यांना धड उच्चारता येत नसे.