वामनवृक्षांचं गाव

मराठीत बोन्सायला 'वामनवृक्ष' म्हणतात. हा शब्द ज्याने कुणी केला त्याला मनापासून दाद! दिसायला एवढासा बटू आणि पाऊल टाकलं की त्रिभुवन. पण एरवी 'बोन्साय' हा शब्द आपण जवळजवळ शिवीसारखाच वापरतो. "पोराचं पार बोन्साय करून टाकलंय" वगैरे. माझ्या मावशीचं मत तर त्याहून जहाल आहे. "झाडाला उपाशी ठेवायचं, हातपाय बांधायचे, आणि वर चारचौघांत कौतुक करायचं!" जपानला निघताना तिने फोनवर हे पुन्हा एकदा ऐकवलं होतं. तर मावशी, हा लेख मुख्यतः तुझ्यासाठी.

टोकियोच्या उत्तरेला, साइतामा शहरात ओमिया नावाचा भाग आहे. टोकियोहून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर. तोरो स्टेशनवर उतरून चालत गेलं की शांत, झाडीची वस्ती लागते. हेच 'बोन्साय गाव'. इथल्या बागा खासगी आहेत, म्हणजे माळ्याचं घर आणि त्याचा व्यवसाय एकाच आवारात. पण फाटक उघडं असतं. बहुतेक ठिकाणी फोटो काढायला मनाई आहे. आधी जरा हिरमोड झाला, नंतर बरंच वाटलं. कॅमेरा पिशवीत गेला की डोळे कामाला लागतात. (कुणी जाणार असाल तर गुरुवार टाळा, त्या दिवशी सुट्टी असते.)

मी ज्या बागेत सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले तिथे कंबरेएवढ्या उंचीच्या लाकडी फळ्यांवर ओळीने पसरट कुंड्या मांडल्या होत्या. पाच-पाच सुयांच्या झुपक्यांचे पाइन, मेपल, उमे म्हणजे जपानी प्लम. आणि शिम्पाकू, हा जुनिपरचा एक प्रकार. त्यातल्या एका शिम्पाकूपुढून मला हलवेना. खोडाचा अर्ध्याहून जास्त भाग हाडासारखा पांढराफेक, मेलेला, पिळवटलेला. आणि त्याच्या कडेकडेने दोन बोटं रुंदीची तांबूस सालीची जिवंत पट्टी वर चढत गेलेली. बस्स, तेवढ्या एका पट्टीवर वरचा सगळा हिरवागार घेर जगत होता. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अशी झाडं डोंगरांच्या कड्यांवरून दोराला लोंबकळून काढून आणत. म्हणजे त्यांची निम्मी कारागिरी वारा-बर्फाचीच. माणसाने पुढे फक्त ती मोडू दिली नाही.

त्या 'फक्त'मध्येच सगळा इतिहास आहे.

हे गाव वसलं ते भूकंपामुळे. १ सप्टेंबर १९२३, दुपारी बाराला दोन मिनिटं कमी. घरोघरी जेवणाची वेळ, चुली पेटलेल्या. कान्तोच्या त्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगींत एक लाखावर माणसं गेली. टोकियोत सेंदागी-दांगोझाका भागात पिढ्यान्‌पिढ्या बोन्सायचा धंदा करणारे माळी होते. त्यांना कळून चुकलं की आता शहरात राहून भागणार नाही. त्यांना मोकळी जागा, स्वच्छ हवापाणी आणि चांगली माती हवी होती. ते सगळं ओमियाला मिळालं आणि १९२५ साली तिथे गाव उभं राहू लागलं.

सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी राहणाऱ्यांसाठी नियम केले, ते मला फार आवडले. निदान दहा बोन्साय असले पाहिजेत. फाटक सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं. कुंपण विटांचं नाही, झाडांचं घालायचं. आणि घर दुमजली बांधायचं नाही! आपल्या हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा शेवटचा नियम नुसता उच्चारून बघा...

१९३०च्या दशकात इथे तीसेक बागा होत्या. मग युद्ध आलं. तरुण माळी सैन्यात गेले, अन्नाचे हाल सुरू झाले, आणि बोन्साय म्हणजे चैन ठरली. बागा बंद पडू लागल्या. जमिनीतल्या झाडाला माणूस नसला तरी पाऊस असतो, मुळं खोल जातात. कुंडीतल्या झाडाला तशी सोय नाही. उन्हाळ्यात त्याला दिवसातून दोनदा, कधी तीनदा पाणी लागतं. एक-दोन दिवस चुकले की तीनशे वर्षं संपली. त्या काळात इतरांची झाडं सांभाळत पाणी घालत राहिलेल्यांत क्युझो मुराता यांचं नाव घेतलं जातं. स्वतःच्या ताटात काय पडणार याची खात्री नसताना दुसऱ्याच्या झाडाला पाणी घालायला कुठून बळ येत असेल?

याच्या अगदी उलटी गोष्टही त्याच परंपरेत आहे. 'हाचिनोकी' नावाच्या नो नाटकात एक गरीब सामुराई बर्फाच्या रात्री दारी आलेल्या अनोळखी भिक्षूला ऊब मिळावी म्हणून आपली उमे, चेरी आणि पाइनची लाडकी कुंडीतली झाडं जाळतो. तो भिक्षू वेष बदलून फिरणारा राज्यकर्ता निघतो आणि पुढे त्याला बक्षीस देतो. पण ते बक्षीस बाजूला ठेवलं तरी पाहुण्यासाठी झाड जाळणारा तो आणि उपाशीपोटी झाड जगवणारे हे, यांत बरोबर कोण ते मला ठरवता आलेलं नाही. मावशी, तू पहिल्याच्या बाजूने असशील. मी बहुधा दुसऱ्यांच्या.

आणि उपासमारीचं म्हणशील तर, या झाडांना खत मिळतं, दर काही वर्षांनी मुळं छाटून नवी माती मिळते, पानं तुकतुकीत असतात. इथे हाल होतात ते माळ्याचे! नुसतं पाणी घालायला शिकण्यात तीन वर्षं जातात, अशी तिथली म्हणच आहे. पुढे कात्री, तारा वगैरे. शिकाऊ उमेदवार पाच-सहा वर्षं राबतो. शिवाय बागेतली कितीतरी झाडं माळ्याच्या मालकीचीही नसतात, गिऱ्हाइकांनी सांभाळायला ठेवलेली असतात. ओमियातल्या बागा आता एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या उरल्यात. २०१० साली जवळच सरकारी बोन्साय संग्रहालय झालं, ते देखणं आहेच. पण माळ्याच्या अंगणात, वाळत घातलेल्या हातमोज्यांच्या शेजारी जे झाड दिसतं, ते तिथे दिसत नाही.

ओमियाबाहेरच्या एका खासगी बागेबद्दल मात्र सांगायलाच हवं. ती होती हिरोशिमात, यामाकी कुटुंबाची. ६ ऑगस्ट १९४५ला बॉम्ब पडला ते ठिकाण तिथून जेमतेम तीन किलोमीटर. घराच्या काचा फुटल्या, घरातल्यांना किरकोळ जखमा झाल्या. पण बागेभोवती उंच भिंत होती आणि तिच्या आडोशाला असलेली झाडं वाचली. त्यातला एक पाइन १६२५पासून कुंडीत वाढवलेला. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता तेव्हापासूनचा!

१९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा जपानने त्रेपन्न बोन्साय भेट दिले. मासारू यामाकी यांनी त्यात हा पाइन दिला. ज्या देशाने बॉम्ब टाकला, त्याच देशाला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात तो पाव शतक उभा होता. लोक येऊन बघून जात, माळी पाणी घालत, आणि हिरोशिमाची हकीकत तिथे कुणाला ठाऊक नव्हती. मग मार्च २००१मध्ये यामाकींचे दोन नातू आजोबांचं झाड बघायला म्हणून आले आणि बोलता बोलता त्यांनी ती सांगितली.