'एक्सप्लेन मी' : दोन कर्मांचा इतिहास

आजचा विषय वरवर व्याकरणाचा आहे, पण आपण तो इतिहास म्हणून बघणार आहोत. नांदेड-लातूरकडचा मुलगा गणितात पैकीच्या पैकी मार्क घेतो, पुढे पुण्याला किंवा बंगळूरला मुलाखतीला बसतो आणि बोलून जातो, 'सर, प्लीज एक्सप्लेन मी द क्वेश्चन.' समोरचे गालातल्या गालात हसतात. मुलगा ते हसणं ओळखतो आणि पुढची दोन वर्षं चारचौघांत इंग्रजीत तोंड उघडत नाही. अशी मुलं आम्ही पुष्कळ पाहिली. आता प्रश्न असा, की त्याने नेमकं काय वाईट केलं?

'गिव्ह मी अ पेन' चालतं. 'टेल मी अ स्टोरी' चालतं. मग 'एक्सप्लेन मी' का नाही? तिथे 'टू मी' का लागतं? देणं, सांगणं, समजावणं, या तिन्हींत टोकं तीनच: करणारा, वस्तू आणि ती ज्याला पोचते तो. चार्ल्स पर्स नावाचा अमेरिकन तत्त्वज्ञ तर 'देणे' हेच उदाहरण घेऊन सांगत असे, की हा तीन टोकांचा संबंध दोन-दोन टोकांच्या तुकड्यांत मोडता येत नाही. म्हणजे तर्काच्या दृष्टीने 'गिव्ह' आणि 'एक्सप्लेन' शेजारी शेजारी बसतात. त्यांना वेगळं केलं ते इतिहासाने.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला आपल्यासारख्या विभक्ती होत्या. ज्याला द्यायचं त्याची वेगळी, जे द्यायचं त्याची वेगळी. शब्द कुठेही ठेवा, अर्थ कळायचा. पुढे हे प्रत्यय झिजले. मग काम भागवायला दोन वाटा उरल्या. एक, क्रियापदामागे आधी माणूस आणि मग वस्तू, असा क्रम. दुसरी, 'टू' हा शब्द लावणं. आणि याच काळात, 1066 ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा लोंढा आत आला. घरचे जुने शब्द, गिव्ह, टेल, सेंड, शो, हे दोन्ही वाटांनी चालत राहिले. 'एक्सप्लेन', 'डोनेट', 'डिस्क्राइब' ही लॅटिन घराण्यातली मंडळी बहुतेक दुसऱ्याच वाटेने गेली.

बहुतेक म्हणतो, कारण नियम भोकं पडलेला आहे. 'प्रॉमिस' लॅटिनकडून आलं, तरी 'प्रॉमिस मी' चालतं. अभ्यासक म्हणतात, ज्या शब्दाचा आघात पहिल्या अवयवावर तो घरच्यासारखा वागतो. ठीक; पण मग 'असाइन'? त्याचा आघात शेवटी, आणि तरी दोन्ही कर्मं खुशाल घेतो. उलट 'से' हा अस्सल घरचा शब्द, त्याला मात्र 'से मी' चालत नाही! अशा कारभाराला शास्त्र म्हणायचं की वहिवाट, ते तुम्हीच ठरवा.

आता आपल्याकडे या. संस्कृत व्याकरणात द्विकर्मक धातूंची परंपरेने चालत आलेली सोळा धातूंची यादी आहे. दूध काढणे, मागणे, विचारणे, नेणे वगैरे. त्यात 'देणे' नाही! इंग्रजीत दोन कर्मांचं जे पहिलं उदाहरण, ते पाणिनीने कर्माच्या खात्यात घातलंच नाही. घेणाऱ्यासाठी त्याने संप्रदान नावाचं स्वतंत्र कारक ठेवलं आणि त्याला चतुर्थी दिली. उलट संस्कृतात गायही कर्म आणि दूधही कर्म. मराठीत आपण 'गाईला दूध काढलं' म्हणतो का? नाही, 'गाईचं' म्हणतो. 'वाटसरूला रस्ता विचारला' इथे मात्र 'ला' आला.

हा 'ला' मोठा अवघड पाहुणा आहे. शाळेत आपण द्वितीयेला स, ला, ते पाठ केलं आणि चतुर्थीलाही तेच. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 साली छापलं गेलं, मोरो केशव दामल्यांचं 1911 साली. विभक्ती रूपावरून ठरवायची की अर्थावरून, हा वाद मराठीत अजून मिटलेला नाही. आमचं मत विचाराल तर क्रियापदाला विचारावं. 'आईने मुलाला वही दिली', 'आईने मुलाला पुस्तक दिलं'. दिली, दिलं, हे वस्तूप्रमाणे बदलतं. मुलगा असो की मुलगी, क्रियापद तिकडे ढुंकूनही बघत नाही. इंग्रजीत मात्र 'ही वॉज गिव्हन अ बुक' म्हणून घेणारा थेट कर्त्याच्या जागी जाऊन बसतो. मराठीत 'तो पुस्तक दिला गेला' म्हणून बघा!

मराठवाड्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून, हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 पासून उर्दू माध्यमाचं. आमच्या आधीच्या पिढीतल्या मुलाने घरी 'ला' ऐकला, बाजारात दखनीतला 'कू' ऐकला, वर्गात 'को' लिहिला. कर्माला 'मफऊल' म्हणायला शिकला. 'मला समजाव', 'मेरेकू समजाव', 'मुझको समझाओ': तिन्ही भाषांत देण्याला, सांगण्याला आणि समजावण्याला एकच प्रत्यय. त्या कानाला 'गिव्ह मी' नंतर 'एक्सप्लेन मी' यावं, यात गोंधळ कुठे आहे? तो घरच्या नियमाशी प्रामाणिक राहिला, एवढंच.

म्हणून ते बरोबर धरावं असं आम्ही म्हणत नाही. परीक्षेत 'टू मी'च लिहा. शिक्षकांना मात्र एक विनंती आहे. 'रॉंग' म्हणून लाल रेघ मारण्यापेक्षा फळ्यावर दोन रकाने पाडा. एकीकडे गिव्ह, टेल, सेंड, शो. दुसरीकडे एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, अनाउन्स. आणि मुलांना 1066 ची लढाई सांगा, दहा मिनिटं लागतात. शिवाय हेही सांगा, की पहिला रकाना अजून वाढतो आहे. 'ईमेल मी द फाइल', 'टेक्स्ट मी द ॲड्रेस' हे कालपरवाचे शब्द, आणि ते विनातक्रार 'गिव्ह'च्या पंगतीत जाऊन बसले आहेत.